ईएसआर ६२ आलाय, औषध वाढवायचं का?

शनिवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येऊन पडली आणि मी ती उघडायच्या आत फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी. "ताई, ईएसआर ६२ आलाय हो. मागच्या खेपेला ३४ होता. जवळजवळ दुप्पट! आता डॉक्टर गोळ्या वाढवणार."

ईएसआर म्हणजे अंगात दाह किती आहे याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट. वहिनींचं वय ५८. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन आठ वर्षं झाली. मी विचारलं, "पाटल्या चढतात का हातात?"

"अहो, मी रक्ताचं विचारतेय, तुम्ही पाटल्यांचं काय काढलंत?"

मी डॉक्टर नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये २७ वर्षं टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. कुणी किती गोळ्या घ्यायच्या हे मी सांगत नाही. पण रिपोर्टवरचा आकडा कुठून येतो, कशाने फुगतो आणि कशाने दबतो, हे मला स्वयंपाकघरातल्या डब्यांइतकं ठाऊक आहे. वहिनींना त्या रात्री फोनवर जे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅलरीत बसून जे सांगितलं, तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

'आहे का' आणि 'किती आहे'

आपल्याकडे 'संधिवात' या एका पोत्यात सगळंच कोंबतात. आजोबांचा झिजलेला गुडघा संधिवात, चिकुनगुनियानंतर महिनोन् महिने दुखणारी मनगटं संधिवात, युरिक अ‍ॅसिडने मध्यरात्री पेटलेला पायाचा अंगठाही संधिवातच. ऱ्हुमॅटॉइड, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, तो यातला वेगळा. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि वेळेत आवरलं नाही तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडतं. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मनगटं, पायाचे चवडे, तेही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे. सकाळी उठल्यावर हात आखडलेले. झिजलेल्या गुडघ्याचा आखडलेपणा चार पावलं टाकली की सुटतो. इथे चहा होतो, पेपर वाचून होतो, तरी मूठ वळत नाही.

काउंटरवर लोक येऊन म्हणायचे, "वाताची टेस्ट करायची आहे." अशी एक टेस्ट नसतेच. मग पॅकेज निघतं: आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी, युरिक अ‍ॅसिड, एएसओ, जोडीला व्हिटॅमिन डी. यातलं एएसओ घशातल्या एका जंतूच्या संसर्गाचा माग काढतं. मुलांच्या ऱ्हुमॅटिक तापात त्याचा उपयोग. वहिनींच्या दुखण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण पॅकेजात असतं, म्हणून होतं.

या सगळ्या टेस्टा दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि घोळ होतो तो हे प्रश्न मिसळल्यामुळे. पहिला प्रश्न, हा आजार ऱ्हुमॅटॉइड आहे का? दुसरा, आहे हे ठरल्यावर तो आज किती पेटलेला आहे?

पहिल्या प्रश्नाला आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या दोन्ही रक्तातल्या प्रतिपिंडांच्या टेस्टा. आरए फॅक्टर जुना. नॉर्वेच्या वालर यांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन छापलं, १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ यांना तोच पुन्हा सापडला. त्यावरून या टेस्टला वालर-रोझ म्हणत. हा भोळा साक्षीदार आहे. हिपॅटायटिस सी असेल, जुना क्षय असेल, किंवा नुसतं वय झालेलं असेल तरी तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी २००० च्या आसपास आली आणि ती पुष्कळ काटेकोर आहे. ती ठळक पॉझिटिव्ह असेल आणि सांधे सुजलेले असतील तर शंकेला फारशी जागा राहत नाही. काहींच्या रक्तात ती आजार दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असते. दोन्ही निगेटिव्ह असूनही ऱ्हुमॅटॉइड असू शकतो, हेही खरं.

पण एकदा निदान झालं की या दोघांचं मोजमापाचं काम संपलं. अँटी-सीसीपी ३४० ची २९० झाली म्हणजे दुखणं उतरलं असं नाही, आणि ४०० झाली म्हणजे भडकलं असंही नाही. औषधांनी आरए फॅक्टर थोडाफार खाली येतो, पण त्याच्या चढउतारावर कुणी औषध ठरवत नाही. तरी दर सहा महिन्यांनी अँटी-सीसीपी करून घेणारे पेशंट मी पाहिलेत. "बघूया किती उतरलं," म्हणायचे. डॉक्टरांनी लिहिलेलं नसायचं, मागच्या चिठ्ठीवर होतं म्हणून पुन्हा. टेस्ट महागडी. मी एक-दोनदा हळूच सांगितलं, आणि मालकांनी एकदा मला हळूच बाजूला घेतलं. असो.

एका तासात किती मिलिमीटर

दुसऱ्या प्रश्नाचा सगळ्यात म्हातारा उत्तरदाता म्हणजे ईएसआर. १८९७ मध्ये पोलंडच्या बिएरनात्स्की यांनी याकडे लक्ष वेधलं, १९१८ मध्ये स्वीडनच्या फोरेउस यांनी, आणि १९२१ मध्ये स्वीडनच्याच वेस्टरग्रेन यांनी क्षयाच्या पेशंटवर काम करताना त्याची पद्धत बसवली. आजही मापाला त्यांचंच नाव.

पद्धत इतकी साधी, की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळलेलं रक्त २०० मिलिमीटर खुणांच्या बारीक नळीत भरायचं, नळी स्टँडमध्ये ताठ उभी करायची आणि तासभर तिच्याकडे पाहायचं नाही. तासाने वर जितका पिवळसर, स्वच्छ पट्टा दिसेल तितके मिलिमीटर. लाल पेशी किती खाली बसल्या, एवढंच आपण मोजतो.

आता त्या खाली का बसतात? लाल पेशींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत सुट्या तरंगतात. अंगात दाह असला की यकृत फिब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. ते पेशींच्या मध्ये येऊन त्यांचं भांडण मिटवतं आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात. सुटं नाणं हळू बुडतं, चळत भसकन बुडते. म्हणून दाह जास्त तर ईएसआर जास्त.

म्हणजे ही टेस्ट सांध्याला हात लावत नाही. सांध्यातला दाह, त्याचा यकृताला निरोप, यकृताचं प्रथिन, त्या प्रथिनाचा पेशींवर परिणाम, आणि मग नळी. इतक्या हातांतून आलेला निरोप वाटेत बदलणारच.

नळी स्टँडमध्ये तीन अंश जरी कलली, तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. आमची लॅब रस्त्यालगत, खाली गाड्यांची घरघर. स्टँडचं टेबल कोपऱ्यातून हलवून भिंतीलगत न्यायला मला दोन वर्षं भांडावं लागलं. खोली तापलेली असेल तरी आकडा वाढतो, आणि मे महिन्यात एसी बंद पडला की ठाण्यात खोली तापायला कितीसा वेळ लागतो! उलटंही होतं. रक्त काढून फार वेळ गेला की पेशी गोलसर होतात, त्यांच्या चळती नीट लागत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. साध्या तापमानाला चार तासांत टेस्ट लागावी असा नियम. घोडबंदर रोडला सातला घरी येऊन घेतलेलं रक्त, मग आणखी सहा घरं, मग कापूरबावडीचा ट्रॅफिक, मग लॅब, मग कधीकधी तिथूनही दुसऱ्या मोठ्या लॅबला. हिशेब तुम्हीच करा. शिवाय हल्ली बऱ्याच ठिकाणी यंत्र काही मिनिटांत आकडा काढून तो वेस्टरग्रेनच्या तासाशी जुळवून देतं. त्यामुळे एका लॅबचा ४० आणि दुसऱ्या लॅबचा ५२ यांत आजार वाढलाच आहे असं छातीठोक म्हणता येत नाही.

हे झालं लॅबचं. पेशंटच्या अंगातलंही पुष्कळ काही या आकड्यात मिसळतं. वय वाढतं तसा ईएसआर वाढतो आणि बायकांचा मुळातच जास्त असतो. एक ढोबळ हिशेब आहे: पुरुषांनी वयाच्या निम्मे करावेत, बायकांनी वयात १० मिळवून मग निम्मे. वहिनींचा येतो ३४. म्हणजे मागच्या खेपेला त्या नेमक्या काठावर होत्या, आणि तरी छापील '० ते २०' पाहून रिपोर्टवर ठळक अक्षरात 'हाय' आलं होतं. गरोदरपणात ईएसआर वाढतो. आणि रक्त कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर पेशींची गर्दी कमी झाल्यामुळे उरलेल्या भराभर खाली बसतात. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे कारण पहिलं बघावं. मीही त्या रात्री पीडीएफमध्ये ६२ कडे पाहिलंच नाही, आधी वर सरकून हिमोग्लोबिन पाहिलं. ९.१. मागच्या वेळी ११.६ होतं. आणि खाली दाहाचीच दुसरी टेस्ट, सीआरपी, ती ३.८, म्हणजे नॉर्मल.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. ती गोष्ट पुढे सांगते.

कोविडने शिकवलेली टेस्ट

सीआरपी हे नाव २०२० च्या आधी आमच्या काउंटरवर फार तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असायचं. कोविडमध्ये ते रिक्षावाल्यालाही पाठ झालं. मुळात ते सापडलं १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात त्या जंतूच्या आवरणातल्या 'सी' नावाच्या पदार्थाला चिकटणारं एक प्रथिन टिलेट आणि फ्रान्सिस यांना दिसलं, त्यावरून नाव सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. तेही यकृतच बनवतं, मुख्यतः इंटरल्युकिन-६ नावाच्या निरोप्याचा हुकूम आला की.

ईएसआरपेक्षा याचा निरोप सरळ. पेशींच्या चळती नाहीत, नळीचा कल नाही, हिमोग्लोबिनचा घोळ नाही; थेट प्रथिन मोजायचं. आणि ते चपळ आहे. दाह सुरू झाला की काही तासांत चढतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं आणि कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मं होतं. फिब्रिनोजेन मात्र दिवसचे दिवस रेंगाळतं, म्हणून ईएसआर उतरायला आठवडे लागतात. पावसाळ्यात पाहा, सर थांबली की रस्त्यावरचं पाणी संध्याकाळपर्यंत ओसरतं, पण भिंतीची ओल गणपतीपर्यंत जात नाही. सीआरपी हे रस्त्यावरचं पाणी, ईएसआर ही भिंतीची ओल. दोन्ही पावसामुळेच, पण एकीवरून आजचं कळतं आणि दुसरीवरून गेल्या काही आठवड्यांचं.

सीआरपीचाही एक सापळा आहे आणि तो निव्वळ छपाईचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. फरक दहापट. एकीकडचं १.८ म्हणजे दुसरीकडचं १८. लॅब बदलली म्हणून रडत आलेला माणूस मी स्वतः पाणी देऊन बसवलाय. दुसरी गंमत 'एचएस-सीआरपी'ची. ते वेगळं प्रथिन नाही. तेच सीआरपी, फक्त अगदी बारीक पातळीपर्यंत मोजलेलं, आणि त्याच्या ठरलेल्या पट्ट्या हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी आहेत. तिथे ३ च्या वर 'हाय रिस्क' लिहून येतं. सांध्यांच्या हिशेबात ३ म्हणजे काहीच नाही.

आणि सीआरपी सांध्यांपुरतं इमानी नाही. लघवीचा संसर्ग, किडलेली दाढ, पावसाळ्यातला ताप, सगळ्यांना ते सारखाच जबाब देतं. वजन जास्त असेल तरी ते थोडं चढलेलं राहतं, कारण चरबीच्या पेशीही इंटरल्युकिन-६ सोडतात. ताप येऊन गेला असेल तर तो कधी आला, किती दिवस राहिला, हे डॉक्टरांना सांगावं. शक्य असेल तर टेस्ट दोनेक आठवडे पुढे ढकलता येईल का, हेही विचारावं. आणि रोज विचारला जाणारा प्रश्न: या दोन टेस्टांना उपाशी राहावं लागत नाही. चहा-पोहे खाऊन या.

साध्या वेदनाशामक गोळीने सीआरपी विशेष हलत नाही, दुखणं मात्र दबतं. स्टिरॉइडने दोन्ही दबतं. त्यामुळे रक्त द्यायच्या आधीच्या आठवड्यात कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडची गोळी घेतली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. लोक नेमकं हेच लपवतात.

सगळं नॉर्मल आणि हात सुजलेले

याच्या उलट माणसं असतात आणि त्यांचे हाल जास्त. सूज डोळ्यांना दिसते, मूठ वळत नाही, आणि ईएसआर १४, सीआरपी २. घरचे म्हणतात, रिपोर्ट तर चांगला आहे, मग कशाला कण्हतेस? हे अपवादाने होत नाही. निदानाच्या वेळी शंभरातल्या चाळिसांच्या आसपास पेशंटमध्ये यातला एखादा किंवा दोन्ही आकडे नॉर्मल सापडतात. दोन-चार छोट्या सांध्यांचा दाह यकृताला जाग आणण्याएवढा मोठा नसतो, पण त्या दोन-चार सांध्यांचं नुकसान करायला तो पुरेसा असतो. अशा वेळी बोटांनी दाबून पाहणारे डॉक्टर आणि सांध्यांची सोनोग्राफी, हे रक्तापेक्षा खरं बोलतात.

म्हणूनच ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नुसत्या आकड्यावर जात नाहीत. ते सांधे मोजतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि हातांच्या बोटांचे २० सांधे, मिळून २८. दुखणारे किती, सुजलेले किती, पेशंट स्वतःला ० ते १०० मध्ये किती आजारी समजतो, आणि ईएसआर किंवा सीआरपी. हे सगळं एका सूत्रात घातलं की डीएएस-२८ नावाचा गुण निघतो. २.६ च्या खाली म्हणजे आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र.

या सूत्राची एक खोच वहिनींना सांगितली तेव्हा त्यांनी कागद-पेन्सिलच आणली. ईएसआर त्यात लॉगरिदमने जातो. म्हणजे १० चा २० झाला किंवा ४० चा ८० झाला, दोन्ही वेळी गुण सारखाच वाढतो, साधारण ०.४९. समजा चार सांधे दुखतात, दोन सुजलेत, पेशंटने स्वतःला ४० दिले. ईएसआर २० असेल तर गुण ४.१७, मध्यम. सांधे तेच ठेवून ईएसआर ८० केला तर ५.१४, तीव्र. तेच हात, तीच माणसं, फक्त नळी बदलली.

आणखी दोन उदाहरणं करून पाहिली. एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही, स्वतःला १० दिले, पण ईएसआर ६२. गुण येतो ३.०३, म्हणजे 'शांत' म्हणता येत नाही. आणि उलट, तीन सांधे ढळढळीत सुजलेले, एक दुखरा, स्वतःला २०, पण ईएसआर ४. गुण २.३ च्या आत. सुजलेल्या हातांना सूत्र म्हणतं, आजार शांत आहे! शिवाय पावलं या २८ मध्ये नाहीतच. ठाणे स्टेशनचा पूल चढताना चवड्यात खिळे टोचल्यासारखं होतं म्हणणाऱ्या बाईचा गुण नॉर्मल येऊ शकतो.

यावर उपाय म्हणून सीडीएआय नावाचं दुसरं माप आहे, ज्यात रक्त नाहीच. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, पेशंटचे दहापैकी गुण, डॉक्टरांचे दहापैकी गुण, सरळ बेरीज. २.८ पर्यंत शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम. गणकयंत्रसुद्धा नको. आयुष्यभर रक्ताच्या नळ्या धुतलेल्या मला हे माप सगळ्यात जास्त पटतं.

आकडा दाबणारी औषधं

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत टॉसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी मुंबई-ठाण्यात लोक रात्रभर फोन फिरवत होते. ते औषध मुळात सांध्यांच्या आजारासाठी बनलेलं. ते इंटरल्युकिन-६ ला त्याच्या दारातच अडवतं. आता आठवा, सीआरपी बनवायचा हुकूम कोण देतं? तोच. मग या इंजेक्शनवर असलेल्या पेशंटचा सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो, ईएसआरही कोसळतो, मग सांधे बरे झालेले असोत वा नसोत. निरोप्यालाच कोंडलं, तर निरोप येणार कुठून? टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्यांनीही कमीअधिक प्रमाणात असंच होतं.

यातला खरा धोका सांध्यांचा नाही, संसर्गाचा आहे. अशा पेशंटला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी चढेलच असं नाही, तापही मामुलीच राहू शकतो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी सीआरपी नॉर्मल पाहून घरी पाठवू नये म्हणून, 'मी हे इंजेक्शन घेते' हे वाक्य पेशंटने स्वतःहून, सगळ्यात आधी उच्चारायचं.

नव्या टेस्टांबद्दल वहिनींच्या मुलाने नेटवर वाचून विचारलं होतं. कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सुजलेल्या सांध्यातल्या पांढऱ्या पेशींमधून सुटतं, यकृताची मध्यस्थी त्याला लागत नाही. कल्पना चांगली आहे. अमेरिकेत बारा प्रथिनं मिळून १ ते १०० मध्ये एक गुण देणारी टेस्ट निघाली. त्या बारांतलं एक लेप्टिन, जे चरबीच्या पेशी बनवतात, त्यामुळे पुढे वय-वजनाप्रमाणे गुण सुधारून घ्यावा लागला. सीआरपीही त्या बारांत आहेच! माझ्या मते, ज्याचे डॉक्टर दर खेपेला २८ सांधे हाताने दाबून बघतात, त्याने या टेस्टांसाठी पैसे साठवायची गरज नाही.

त्यापेक्षा त्याच रिपोर्टवरच्या, कुणी न वाचणाऱ्या ओळी वाचाव्यात. मेथोट्रेक्सेट ही ऱ्हुमॅटॉइडची नेहमीची गोळी चालू असताना एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि रक्तपेशींची मोजणी होते, ती आजार मोजायला नाही, औषध अंगाला झेपतंय का ते पाहायला. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतल्याने जिवावर बेतलेल्या केसेस खरोखर होतात. डबीवर वाराचं नाव मार्करने लिहून ठेवा.

वहिनींचे ६२

आता ती चुकचुकलेली पाल. दुसऱ्या दिवशी गॅलरीत मी वहिनींच्या बोटांची मुळं दाबून पाहिली, दुखली नाहीत. पाटल्या सरळ चढल्या. सकाळी हात आखडतात का, तर पाच मिनिटं. सीआरपी नॉर्मल. मग हिमोग्लोबिन अडीचने का उतरलं? पाळी जाऊन सहा वर्षं झालेली.

मी विचारलं, "दुखण्याची गोळी घेता का मधूनमधून?"

"छे, कधीतरी. गुडघ्यासाठी." मग जरा थांबून, "रोज एक. कधी दोन. केमिस्ट देतो."

गुडघा झिजेचा, ऱ्हुमॅटॉइडशी संबंध नसलेला. आणि डायक्लोफिनॅक चार महिन्यांपासून, जोडीला डॉक्टरांनी दिलेली स्टिरॉइडची छोटी गोळी. मी एवढंच म्हटलं, की हे डॉक्टरांना आहे तसं सांगा, एकही गोळी वगळू नका. त्यांनी सांगितलं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, मोजलं, ते ८ आलं. हे महत्त्वाचं, कारण अंगात दाह असला तर फेरिटिन उलट चढतं. ते इतकं खाली म्हणजे लोह खरंच संपलेलं. एंडोस्कोपीत पोटात व्रण दिसला, त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. संधिवाताची औषधं होती तशीच ठेवली, केमिस्टची गोळी बंद, पोटाची आणि लोहाची चालू.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८, ईएसआर ३६. वहिनींनी आता कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांची वही शिवली आहे. तारीख, लॅब, ईएसआर, सीआरपी आणि त्याचं माप, हिमोग्लोबिन, ताप येऊन गेला का, बाहेरची गोळी घेतली का, हात किती मिनिटं आखडले. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या मनाने वाढवलाय. परवाच्या तारखेसमोर त्यात लिहिलंय: 'पाटल्या चढल्या. डावा अंगठा किंचित. पुरणाची कणीक मळली, सुनेने नाही.'